मुलांच्या डोक्यात उवा आहेत का, हे नीट कसं बघायचं: केस ओले करण्यापासून सतराव्या दिवसापर्यंत

शाळेच्या ग्रुपवर मेसेज येतो, "वर्गात काही मुलांना उवा झाल्यात, घरी डोकं बघून घ्या". मग आपण काय करतो, तर पोरीला ट्यूबलाइटखाली उभं करतो, दोन्ही हातांनी केस इकडेतिकडे करून दोन मिनिटं बघतो आणि एक तर "काही नाहीये" म्हणून सोडून देतो, नाहीतर एखादा पांढरा ठिपका दिसला की त्याच संध्याकाळी मेडिकलमधून औषध आणून डोक्याला चोपडतो. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत आणि त्या इतक्या घरांत होताना बघितल्यात की आता सगळं क्रमाने लिहून काढतेय.

यातली दुसरी चूक मी स्वतः केलीय. लेक दुसरीत होती तेव्हा तीन आठवड्यांत तीनदा औषध लावलं, कारण लिखा दिसतच होत्या. डोक्याची कातडी लाल झाली, रात्री झोपेत खाजवून रडायची आणि मला वाटायचं अजून उवाच चावतायत. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी तिचा एक केस कापून भिंगाखाली धरला आणि मला बघायला लावलं. लीख रिकामी होती, नुसतं टरफल. उवा पहिल्या औषधातच गेलेल्या होत्या, नंतरची आग आणि खाज सगळी औषधाची होती. ते अजून मनाला लागतं.

म्हणून सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा: हलणारी ऊ सापडली तरच उवा आहेत. लीख दिसली, खाज आहे, मैत्रिणीला झाल्यात, यातलं काहीही पुरावा नाही, ते फक्त नीट बघायचं कारण आहे.

## आधी हे माहीत हवं: नेमकं काय शोधतोय

मोठी ऊ साधारण तिळाएवढी असते, दोन ते तीन मिलिमीटर, सहा पाय, रंग करडा-तपकिरी आणि काळ्या केसांत ती आणखी गडद दिसते. पिल्लू टाचणीच्या डोक्याएवढं. लीख तर एक मिलिमीटरपेक्षाही लहान, लांबट, आणि केसाच्या एका बाजूला तिरकी चिकटवलेली असते.

आता गंमत नाही, खरी अडचण इथेच आहे. जिवंत लीख तपकिरी असते, काळ्या केसांत ती दिसतच नाही पटकन. जी पांढरी चमकते ती बहुतेक वेळा फुटून गेलेली, रिकामी असते. म्हणजे आपल्याकडच्या काळ्याभोर केसांत जे निरुपयोगी तेच ठळक दिसतं आणि जे शोधायचंय ते लपून राहतं. वर ऊ उजेडापासून पळते, केस बाजूला केले की ती दुसरीकडे सटकते, मिनिटाला वीतभर अंतर आरामात जाते. आणि एका डोक्यात बऱ्याचदा जेमतेम दहाबाराच जिवंत उवा असतात. दाट केसांत दहा तीळ सांडलेत आणि ते पळतायत, असं समजा, मग नुसत्या डोळ्यांनी का सापडत नाही ते कळेल.

जर्मनीत सहा ते बारा वर्षांच्या ३०४ मुलांची डोकी दोन्ही पद्धतींनी तपासली होती, २००९ साली ते छापून आलं. जिवंत उवा असलेल्या मुलांपैकी नुसतं बघून साधारण २९ टक्केच सापडली आणि ओल्या केसांतून फणी फिरवून ९१ टक्के. हा फरक बघितल्यावर कोरडे केस चाळत बसण्यात अर्थ नाही हे वेगळं सांगायला नको.

खाजेबद्दल पण एक. पहिल्यांदाच उवा झाल्या असतील तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. त्यामुळे "माझी कुठे खाजवतेय" यावर विसंबू नका.

## १. वेळ आणि जागा ठरवा

रविवारी सकाळी न्हायच्या आधी बघणं सगळ्यात बरं. शाळेची घाई नाही, उजेड चांगला असतो आणि नंतर डोकं धुवायचंच असतं. गॅलरीत किंवा खिडकीशी बसवा, ऊन मुलाच्या डोक्यावर पडेल आणि तुमच्या डोळ्यांवर येणार नाही असं. रात्री करायची वेळ आली तर टेबललॅम्प घ्या, मोबाईलची टॉर्च एका हातात धरून दुसऱ्या हाताने फणी चालवता येत नाही, मी करून बघितलंय.

आखूड केसांना दहा मिनिटं, कमरेपर्यंतच्या दाट किंवा कुरळ्या केसांना अर्धा तास आणि कधी कधी त्याहून जास्त. एवढा वेळ नसेल तर सुरूच करू नका, अर्धं डोकं बघून उठलात तर ते बघितलंच नाही असं धरा.

लक्षात ठेवा: आदल्या रात्री चंपी करू नका. तेलाने उवा सुस्तावतात हे खरं आणि आपल्या आज्या तेल लावूनच फणी करायच्या, पण तेल आणि कंडिशनर दोन्ही झालं की केस नुसते चोपट होतात, फणी घसरते आणि पुढे औषध लावायची वेळ आलीच तर तेल काढता काढता जीव जातो.

## २. सामान जवळ घेऊन बसा

मधेच उठून काही आणायला गेलात की मूल पण उठतं, मग परत बसत नाही. म्हणून आधीच सगळं हाताशी ठेवा:

- लिखांची फणी, शक्यतो स्टीलची, लांब गोल दातांची
- साधा मोठ्या दातांचा कंगवा
- पांढऱ्या रंगाचा कंडिशनर, स्वस्तातला चालेल, भरपूर लागतो
- पांढरे टिश्यू किंवा जुन्या पांढऱ्या धोतराचे, बनियनचे तुकडे
- केसांना लावायच्या चारपाच क्लिपा
- खांद्यावर टाकायला पांढरा किंवा फिका टॉवेल
- वाटीत साबणाचं गरम पाणी
- सेलोटेप, भिंग असेल तर भिंग, नाहीतर मोबाईलचा कॅमेरा झूम करून

फणीच्या बाबतीत कंजुषी करू नका. औषधाच्या बाटलीबरोबर जी प्लॅस्टिकची फुकट फणी येते तिचे दात वाकतात आणि ऊ त्यातून आरामात निसटते. दोन्हीकडून बारीक दात असलेली आपली जुनी लाकडी फणी, दात तुटके नसतील तर चालते.

फणी तपासा: जाडसर व्हिजिटिंग कार्डाची कड दातांमध्ये सहज शिरली तर ती फणी बाद. दातांमधली फट ०.३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. बोटाने दात दाबून बघा, फाकले तरी बाद.

## ३. मुलाला आधी सांगा

हे कोणी पायरीत धरत नाही पण इथेच सगळं बिघडतं. मूल घाबरलेलं किंवा लाजलेलं असेल तर ते मान हलवत राहतं, तुम्ही ओरडता, केस ओढले जातात आणि मग पुढच्या वेळी उवा असल्या तरी ते तुम्हाला सांगत नाही.

सरळ सांगा की उवा कोणालाही होतात, डोक्याला डोकं लागलं की त्या चालत जातात, उडत नाहीत, उडी मारत नाहीत, आणि रोज डोकं धुणाऱ्या मुलांनाही होतात. घाण असण्याशी काही संबंध नाही. "कोणाच्या शेजारी बसलीस?" असं विचारूच नका, बाकावर शेजारी बसणारी मैत्रीण ही तिच्यासाठी मैत्रीण आहे. घरात आजी असेल आणि "शी, काय ग हे" म्हणायची सवय असेल तर आजीला पण आधीच समजावून ठेवा, प्रेमाने.

बसवायचं कसं, तर मूल पाटावर किंवा जमिनीवर, तुम्ही मागे खुर्चीवर, तिचं डोकं तुमच्या गुडघ्यांच्या उंचीला. लहान असेल तर मांडीत काहीतरी खेळायला किंवा बघायला द्या. मोबाईल दिलात तर तो समोर उंचीवर ठेवा, हातात दिला की मान खाली जाते आणि पुढचे केस बघता येत नाहीत.

## ४. दोन मिनिटं कोरडे केस बघा

हो, आत्ताच म्हटलं की कोरडं बघण्यात अर्थ नाही. निकालासाठी नाहीच. पण कातडीची अवस्था बघायला हे लागतं, कारण कंडिशनर लावला की ती दिसत नाही.

कानांच्या मागे, मानेवर जिथे केस सुरू होतात तिथे आणि शेंडीच्या भागात बघा. खाजवून जखमा झाल्यात का, पिवळसर खपली किंवा पू आहे का, मानेमागे बोटांनी चाचपून छोट्या गाठी लागतात का. नुसते लाल ठिपके असले तर पुढे जा.

इथे थांबा: पू, पिवळ्या खपल्या, दुखऱ्या गाठी किंवा ताप असेल तर फणी फिरवू नका आणि औषधही लावू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. जखमेत संसर्ग झालेला असू शकतो.

## ५. केस ओले करा, कंडिशनर लावा, गुंता काढा

क्रम हाच, बदलू नका.

आधी साध्या पाण्याने केस पूर्ण ओले करा आणि टॉवेलने टिपा, पाणी ठिबकायला नको. मग कंडिशनर लावा आणि हात सैल सोडून लावा, कारण इथे कमी लावणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. नेहमीसारखा टोकांना लावायचा नाही, मुळांपासून लावायचा, कानामागे आणि मानेवर तर नक्कीच, केस पांढरट दिसले पाहिजेत इतका. दाट लांब केसांना वाटीभर सहज जातो.

कंडिशनरने ऊ मरत नाही. ती चिकटून सुस्त होते, पळू शकत नाही, साधारण वीस मिनिटं. तुम्हाला मिळालेली वेळ ती आहे. केस लांब असतील तर अर्ध्या डोक्याला लावा, ते संपवा, मग उरलेल्या अर्ध्याला लावा.

लगेच मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता काढा, खालून वर, टोकांकडून मुळांकडे जात. कंगवा मुळापासून टोकापर्यंत कुठेही न अडकता फिरला की झालं. हे झाल्याशिवाय फणी हातात घेऊ नका. गुंत्यात फणी घातली की केस ओढले जातात, मूल किंचाळतं आणि त्या दिवसाचं काम तिथेच संपतं.

## ६. बटा पाडा

मधोमध भांग पाडा, मग कानापासून कानापर्यंत आडवा भांग. चार भाग झाले, तिघांना क्लिपा लावा. सुरुवात मानेजवळच्या भागातून करा कारण तिथे उवा सापडायची शक्यता जास्त.

त्या भागातून एका वेळी बोटाच्या रुंदीएवढीच बट मोकळी घ्यायची. वेणीचा एक पेड धरतो तेवढी जाड बट घेतली तर फणीचे दात मधल्या केसांपर्यंत पोचतच नाहीत आणि वरवर फणी फिरते, आपल्याला वाटतं बघून झालं.

## ७. फणी फिरवा

आता खरं काम.

बट डाव्या हातात ताणून धरा. फणीचे दात मुळाशी कातडीला टेकवा, टोचवायचे नाहीत पण टेकलेले जाणवले पाहिजेत, मुलाला विचारा "लागतंय का, जाणवतंय का", जाणवलं पाहिजे आणि लागलं नाही पाहिजे. मग मुळापासून टोकापर्यंत एका दमात फणी ओढा. मधेच उचलायची नाही. कातडीपासून बोटभर अंतरावर फणी घालून ओढणारे खूप जण बघितलेत मी, पण उवा तर कातडीलगतच असतात, रक्त तिथेच मिळतं त्यांना.

टोकाला आल्यावर फणी प्रत्येक वेळी टिश्यूवर पुसा. पाच वेळा ओढून एकदा पुसायची नाही. पुसली की टिश्यूवर कंडिशनरचा पांढरा थर दिसतो, तो उजेडात धरून बघा. मग फणीचे दात पण बघा, दोन दातांच्या मुळाशी ऊ अडकून बसते आणि पुसून निघत नाही, ती टूथपिकने किंवा दोऱ्याने काढा.

तीच बट चारदा: वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून. मग ती बट क्लिपने बाजूला, पुढची घ्या. शेवटी कपाळावरचे आणि कानाजवळचे बारीक केस राहतात, ते विसरू नका.

मुलग्यांच्या आखूड केसांत बटा पडत नाहीत, तिथे मानेपासून कपाळाकडे आणि मग उलट दिशेने, अशी रांगेत फणी फिरवा, पुसणं तेवढंच. आणि हो, मुलग्यांना पण उवा होतात, "मुलगाय, याचं कशाला बघायचं" असं म्हणून ज्याला सोडलं त्याच्याकडूनच बहिणीला परत झालेल्या मी बघितल्यात.

मधली तपासणी: वीसेक मिनिटं झाली आणि कंडिशनर सुकत आला, फणी अडायला लागली, तर थोडं पाणी शिंपडून परत कंडिशनर लावा. सुकलेल्या केसांत ओढत बसू नका.

## ८. टिश्यूवर जे आलं ते ओळखा

टिश्यूवर खूप काय काय येतं आणि सगळंच ऊ नसतं. घाईने निकाल द्यायचा नाही.

ऊ: तपकिरी, लांबट, पाय दिसतात. कंडिशनरमध्ये लडबडलेली असल्यामुळे मेल्यासारखी पडून राहते, म्हणून एक मिनिट थांबा, पाण्याचा एक थेंब टाकून टूथपिकने कंडिशनर बाजूला करा. आमच्या लेकीच्या डोक्यातून निघालेली अशीच एक टिश्यूवर अर्धा मिनिट निपचित होती, मी कोंड्याचा तुकडा समजून टिश्यू चुरगाळणारच होते तेवढ्यात पुढचे दोन पाय हलले, मग हळूहळू बाकीचे. सेलोटेपने टिपून कागदावर चिकटवा, फोटो काढा, डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडतो.

कोंडा: पातळ, वेडावाकडा पापुद्रा, फुंकर मारली की उडतो, बोटाने केसावरून सरकतो.

लीख: सरकत नाही. दोन नखांत धरून जोर लावून ओढली तरच निघते.

केसाभोवतीची पांढरी नळी: हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. लिखेसारखीच पांढरी दिसते पण ती केसाला सगळीकडून वेढते, मण्यासारखी, आणि केसावरून खालीवर सहज सरकते. शाळेसाठी घट्ट दोन वेण्या घालणाऱ्या मुलींमध्ये दिसते, कारण केस मुळाशी सतत ताणले जातात. याला औषध नाही, वेण्या सैल घाला.

काळे बारीक कण: मिरपुडीसारखे दिसले तर ती उवांची घाण असू शकते, म्हणजे शोधत राहा. धूळही असू शकते, म्हणजे यावरून निकाल नाही.

लीख कातडीपासून किती लांब आहे त्यावरून थोडा अंदाज येतो. ऊ बहुतेक वेळा मुळापासून सहा मिलिमीटरच्या आत अंडं चिकटवते आणि केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे दोन इंच खाली आलेली पांढरी लीख बहुधा कित्येक महिन्यांपूर्वीची. पण गरम हवेत लिखा मुळापासून बऱ्याच लांबही जिवंत सापडतात, म्हणून आपल्याकडे हा नियम डोळे झाकून लावू नका, तो अंदाजच.

## ९. निकाल

हलणारी ऊ सापडली, एक जरी असली तरी: उवा आहेत. पुढे जा.

फक्त लिखा सापडल्या: औषध नाही. मुळाशी तपकिरी लिखा असतील तर जमतील तेवढ्या नखांनी काढा आणि चार दिवसांनी परत असंच पूर्ण बघा. जिवंत लीख सातआठ दिवसांत, फार तर दहा दिवसांत फुटते, त्यामुळे दोन आठवड्यांत दोनतीनदा बघून एकही ऊ नाही म्हणजे त्या जुन्या होत्या.

काहीच नाही: बरं. वर्गात चालू असेल तर पुढच्या रविवारी परत.

डोकं आता शॅम्पूने धुऊन टाका, कंडिशनर पूर्ण निघाला पाहिजे. हे महत्त्वाचं आहे, कारण उवांचं परमेथ्रिनचं औषध लावणार असाल आणि केसांवर कंडिशनर किंवा तेल राहिलं असेल तर औषध नीट लागत नाही. मग लोक म्हणतात औषध बोगस आहे.

## १०. त्याच दिवशी घरातली सगळी डोकी

एकाच्या डोक्यात सापडली की घरात सगळ्यांचं बघायचं, तुमचं स्वतःचं धरून. आईचं डोकं कोणीच बघत नाही आणि रात्री पोर आईच्याच उशीवर डोकं ठेवून झोपते. नवऱ्याला किंवा बहिणीला फणी चालवायला शिकवा. सुट्टीत मामाकडे एका ओळीत गाद्या टाकून झोपलेली सगळी भावंडं पण यात आली, त्यांच्या आयांना फोन करा.

ज्यांच्या डोक्यात जिवंत ऊ सापडली त्यांनाच औषध, पण सगळ्यांना एकाच दिवशी. आज एकीला आणि पुढच्या रविवारी दुसरीला, असं केलं की उवा या डोक्यातून त्या डोक्यात फिरत राहतात. ज्यांच्यात सापडल्या नाहीत त्यांना "खबरदारी म्हणून" लावू नका.

## ११. औषध लावताना, आणि काय अजिबात लावायचं नाही

एक टक्का परमेथ्रिनचं लोशन साधारणपणे शॅम्पूने धुऊन टिपलेल्या केसांना लावून दहा मिनिटांनी धुतात, पण बाटलीवर जे लिहिलंय तेच पाळा. दहाऐवजी तीस मिनिटं ठेवलं तर जास्त मरतील असं नसतं. धुतल्यावर एकदोन दिवस परत शॅम्पू नको. दोन वर्षांखालचं मूल, अंगावर पाजणारी किंवा गरोदर आई, दमा असलेलं मूल, यांच्यासाठी आधी डॉक्टरांना विचारा.

औषधाने सगळ्या लिखा मरत नाहीत, म्हणून नवव्या दिवसाच्या आसपास परत लावावं लागतं, तेवढ्यात उरलेल्या फुटतात आणि पिल्लं अजून अंडी घालण्याइतकी मोठी झालेली नसतात. दुसरा डोस चुकवणं हे उवा "परत परत होण्याचं" मला दिसलेलं सगळ्यात मोठं कारण आहे.

औषधानंतर आठ ते बारा तासांनी फणी फिरवा. उवा मेलेल्या किंवा मंदावलेल्या असतील तर औषध चालतंय, आणखी लावू नका. आधीसारख्याच तुरुतुरु पळतायत तर ते औषध चालत नाहीये, तेच परत न लावता डॉक्टरांकडे जा.

आणि हे हात जोडून सांगते:

सीताफळाच्या बियांची पूड डोक्याला लावू नका. गावाकडे अजून लावतात, "आम्ही लहानपणी लावायचो, काही नाही झालं" म्हणतात. ती पूड डोळ्यात गेली की बुबुळाला इजा होते, भयंकर आग होते, दिसायचं कमी होऊ शकतं, आणि डोकं धुताना ती डोळ्यात जातेच. गेली असेल तर लगेच भरपूर पाण्याने डोळे धुवा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

रॉकेल, पेट्रोल नाही. भाजण्याचा धोका आहे, गॅस चालू असलेल्या घरात तर विचारही करू नका. झुरळांचा खडू, ढेकणांचं औषध, शेतातलं फवारणीचं औषध नाही. ती विषं आहेत आणि डोक्याच्या कातडीतून, खाजवलेल्या जखमांतून आत जातात. कापूर घातलेलं तेल लहान मुलांना नको, कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात आणि पोरं डोक्याला लावलेला हात तोंडात घालतात.

केस कापून टाकायची, गोटा करायची गरज नाही. मुलीच्या मनावर त्याचा ओरखडा राहतो आणि फणीने काम होतं.

## १२. घर धुवायचं किती

थोडंच. ऊ डोक्यावरून खाली पडली की एकदोन दिवसांत मरते. मागच्या दोन दिवसांत वापरलेले उशीचे अभ्रे, चादर, टॉवेल, ओढणी, टोपी गरम पाण्याने धुवा. धुता न येणारी खेळणी किंवा हेल्मेटची गादी पिशवीत बंद करून दोन आठवडे बाजूला ठेवा. घरात फवारणी करायची नाही, गाद्या फेकायच्या नाहीत. तो वेळ फणीला द्या.

## १३. परत बघायच्या तारखा लिहून ठेवा

ज्यांना औषध लावायचं नाहीये आणि फक्त फणीने काढायच्या आहेत त्यांनी पहिला, पाचवा, नववा आणि तेरावा दिवस अशी पूर्ण ओली फणी करायची आणि सतराव्या दिवशी शेवटचं बघायचं. औषध लावणाऱ्यांनीही दर दोनतीन दिवसांनी फणी फिरवायची, दोनतीन आठवडे. मधल्या एका दिवशीही मोठी ऊ सापडली तर समजायचं की बाहेरून परत आली किंवा घरात एक डोकं राहून गेलंय. पिल्लू सापडलं तर ते राहिलेल्या लिखेतून निघालेलं आहे, तारखा चालू ठेवा.

कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकटीत पोरीचं नाव आणि सापडलेला आकडा लिहा. आमच्याकडे रविवारी सात, गुरुवारी दोन, पुढच्या सोमवारी एक पिल्लू आणि मग दोनदा शून्य असं गेलं. आकडा उतरताना दिसला की मूलही कंटाळत नाही, लेक स्वतःच फणी घेऊन यायची.

शाळेत जायला हरकत नसते, पहिली फणी किंवा औषध झालं की दुसऱ्या दिवशी पाठवा, केस बांधून. वर्गशिक्षिकेला आणि जवळच्या दोनतीन आयांना मात्र कळवा. मी असं लिहिते, तुम्ही असंच कॉपी करा: "काल माझ्या मुलीच्या डोक्यात उवा सापडल्या, औषध लावलंय. मुली एकत्र खेळल्यात म्हणून तुम्हीही केस ओले करून, कंडिशनर लावून फणीने बघून घ्या. कोरडे केस बघून सापडत नाहीत. फणी हवी असेल तर माझ्याकडे जास्तीची आहे."

आणि ती फणी कोणाला द्यायच्या आधी जुन्या टूथब्रशने दात घासून, हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा.